प्राण्यांच्या हृदयतपासणी केंद्राचा अनुभव: एक कुत्रा, एक मांजर, एक घोडा आणि चुकलेले वजन

हे परीक्षण एका अशा केंद्राचे आहे जेथे केवळ प्राण्यांच्या हृदयाची तपासणी होते. तेथे लसीकरण होत नाही आणि नखेही कापून मिळत नाहीत. आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांची चिठ्ठी असल्याशिवाय वेळ दिली जात नाही. गेल्या अडीच वर्षांत आमचा कुत्रा गोट्या, मांजर मनी आणि माझी मुलगी ज्याच्यावर घोडेस्वारी शिकते तो तुफान, अशा तिघांच्या निमित्ताने या केंद्राशी माझा संबंध आला. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे एक तक्रार सांगायची आहे आणि ती सांगूनही मी तेथे जाणे थांबवलेले नाही. माझे मत आधीच नोंदवते. या केंद्राची यंत्रे उत्तम आहेत, परंतु मी पुन्हा पुन्हा तेथे जाते ती औषध केव्हा द्यायचे नाही हे तेथील डॉक्टरांना ठामपणे सांगता येते म्हणून.

तपासणीच्या खोलीत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ते भोक असलेले टेबल. गादी घातलेल्या या टेबलाला एका बाजूला ताटाएवढी खाच असते. कुत्र्याला उजव्या कुशीवर असे निजवतात की त्याची छाती बरोबर त्या खाचेवर येते, आणि डॉक्टर खालून हात घालून इकोचा, म्हणजे हृदयाच्या अल्ट्रासाऊंड तपासणीचा, प्रोब छातीला लावतात. असे का, हे मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर पटण्यासारखे होते: कुशीवर निजल्यावर हृदय स्वतःच्या वजनाने छातीच्या भिंतीजवळ येते आणि मधले हवेने भरलेले फुफ्फुस बाजूला सरकते. हवेतून अल्ट्रासाऊंडच्या लहरी नीट जात नसल्यामुळे वरून प्रोब लावला असता तर पडद्यावर धुरकट राखाडी रंगाशिवाय फारसे काही दिसले नसते. गोट्याच्या छातीवरचे केस रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे एवढेच भादरले होते. एक मदतनीस त्याचे पुढचे पाय धरून होती आणि मला त्याच्या डोक्याशी उभे राहू दिले होते. गुंगीचे औषध द्यावे लागले नाही. खोलीत मंद उजेड होता, कोणी मोठ्याने बोलत नव्हते, आणि वीस मिनिटांत काम संपले.

गोट्या नऊ वर्षांचा असताना लसीकरणाच्या वेळी आमच्या पशुवैद्यांना त्याच्या हृदयात मर्मर ऐकू आली. मर्मर म्हणजे ठोक्यांच्या दरम्यान रक्ताच्या खळखळाटाने होणारा जादा आवाज. तो सहा श्रेणींत मोजतात आणि गोट्याची श्रेणी तिसरी होती. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये वय वाढू लागले की डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड आणि गाठाळ होते, तिची पाती नीट मिटत नाहीत, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे रक्त उलट वरच्या कप्प्यात जाते. कुत्र्यांच्या हृदयविकारांत हाच सर्वांत जास्त आढळतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत तो तरुण वयातच सुरू होतो. डॅशहुंड, पॉमेरेनियन, पूडल आणि आमच्या गोट्यासारखे संमिश्र कुळातले छोटे कुत्रेही त्यातून सुटत नाहीत. झडप गळते हे कळले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस औषध मागतो. मीही मागितले.

येथे केंद्राचा पहिला गुण दिसला. डॉक्टरांनी पडद्यावर दोन वर्तुळे काढून दाखवली, एक महारोहिणीचे आणि दुसरे डाव्या वरच्या कप्प्याचे. त्यांच्या व्यासांचे गुणोत्तर 1.6 किंवा त्याहून अधिक झाले की कप्पा फुगला असे मानतात; गोट्याचे गुणोत्तर 1.4 होते. मग एक्स-रे लावून हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांवर कशी मोजतात ते दाखवले. छातीच्या चौथ्या मणक्यापासून मोजायला सुरुवात करून ही दोन्ही मापे किती मणक्यांएवढी भरतात ते पाहायचे आणि बेरीज करायची, अशी ही 1995 मध्ये मांडली गेलेली साधी पद्धत आहे. बहुतेक कुत्र्यांत ही बेरीज साडेदहाच्या आत राहते. गोट्याची दहाच्या थोडी वर होती. या रोगाच्या ज्या पायऱ्या पशुहृदयतज्ज्ञांनी 2009 मध्ये ठरवल्या आणि 2019 मध्ये सुधारल्या, त्यांपैकी गोट्या बी-1 या पायरीवर होता: झडप गळते आहे, पण हृदय मोठे झालेले नाही. या पायरीवर औषध देऊन लाभ होतो असे दाखवणारा पुरावा नाही, म्हणून औषध देणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वजन कमी करा, खारट खाऊ बंद करा, झोपेतला श्वास मोजायला शिका आणि दहा महिन्यांनी या, एवढेच त्यांनी चिठ्ठीवर लिहिले. तपासणीचे शुल्क भरून रिकाम्या हाताने परतताना मला थोडे फसल्यासारखे वाटले होते, हे मी लपवत नाही. आज मात्र त्या भेटीसाठी मी केंद्राला सर्वांत जास्त गुण देईन.

श्वास मोजणे त्यांनी तेथेच शिकवले. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असे तीस सेकंद मोजून दुप्पट करायचे. निरोगी किंवा आटोक्यात असलेल्या कुत्र्याचा आकडा मिनिटाला तिसाच्या आत राहतो. स्वप्न पडून पाय हलत असतील किंवा उन्हाने धाप लागली असेल तर तो आकडा धरायचा नाही. खोकल्याबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला नवे होते. फुगलेला वरचा कप्पा श्वासनलिकेच्या फांदीवर दाबला गेला की खोकला येतो, पण म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत श्वासनलिकेचे स्वतःचे आजारही तितकेच असतात, म्हणून नुसत्या खोकल्यावरून फुफ्फुसात पाणी झाले असे ठरवता येत नाही. झोपेतला वाढता श्वास त्याहून भरवशाचा असतो. मी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला आणि रोज रात्री आकडा लिहू लागले. 18, 20, 17, 22. महिनोन्महिने तेच.

आता तक्रार. दहा महिन्यांनी दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा प्रवेशद्वाराजवळच्या वजनकाट्यावर गोट्याचे वजन 7.1 किलो भरले. पहिल्या वेळी ते 8.2 होते, आणि खाण्यावर मेहनत घेऊन आम्ही ते उतरवले असल्यामुळे हा आकडा माझ्या चांगलाच लक्षात राहिला. त्या दिवशी नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या. तपासणी दुसऱ्या एका डॉक्टरांनी केली, ती नीट केली, आणि संध्याकाळी अहवाल मोबाइलवर आला. त्यात डाव्या वरच्या कप्प्याचे गुणोत्तर 1.7 आणि मणक्यांची बेरीज 11 लिहिली होती, म्हणजे दोन्ही मापे रेषेच्या पलीकडे गेली होती. तरीही शेवटी बी-1, औषध नको, असे होते. मला त्यातले गणित कळत नव्हते. परंतु अहवालाच्या माथ्यावर वजनाच्या रकान्यात 8.2 हा आकडा दिसला आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी करून एवढेच म्हणाले की वजन जुने पडले आहे, कृपया दुरुस्त करा.

ती दुरुस्ती किरकोळ नव्हती. डावा खालचा कप्पा मोठा झाला आहे की नाही हे ठरवताना त्याचा नुसता व्यास पाहून चालत नाही, कारण मोठ्या कुत्र्याचे हृदय मोठेच असणार. म्हणून तो व्यास कुत्र्याच्या वजनाच्या एका ठरावीक घाताने भागतात, आणि उत्तर 1.7 किंवा त्याहून जास्त आले तर कप्पा वाढला असे धरतात. गोट्याच्या कप्प्याचा व्यास 3.1 सेंटिमीटर होता. जुन्या वजनाने भागले की उत्तर 1.67 येते, खऱ्या वजनाने भागले की 1.74. झडप गळते आहे आणि हृदयही मोठे झाले आहे, ही बी-2 पायरी तिन्ही मापे रेषेपलीकडे गेली तरच धरतात. एका बाजूला बी-1, दुसऱ्या बाजूला बी-2. एका बाजूला औषध नाही, दुसऱ्या बाजूला आयुष्यभर दिवसातून दोनदा. संगणकाने मागच्या भेटीचे वजन आपोआप पुढे आणले होते आणि ते कोणी बदलले नव्हते. नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी सुधारित अहवाल पाठवला, स्वतः दूरध्वनी करून चूक मान्य केली, आणि त्यानंतर तेथे प्रत्येक भेटीत वजन मालकासमोर मोठ्याने वाचून लिहिले जाते. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण माझ्या जागी वजनाकडे लक्ष न देणारा कोणी असता तर त्याच्या कुत्र्याचे कितीतरी महिने वाया गेले असते, आणि हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

महिने म्हणण्याला आधार आहे. बी-2 पायरीवर पिमोबेंडन हे औषध दिले तर काय होते, हे 360 कुत्र्यांवर केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या अभ्यासात पाहिले गेले. हृदय निकामी होण्यापर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्या गटात 1228 दिवस आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्या गटात 766 दिवस निघाला; फरक सुमारे पंधरा महिन्यांचा. हे औषध हृदयाच्या स्नायूला कॅल्शियमचा उपयोग अधिक चांगला करायला लावते आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे आकुंचन जोमाने होते आणि पुढचा अडसरही कमी होतो. ते जेवणाआधी सुमारे एक तास द्यावे लागते, कारण अन्नाबरोबर ते नीट शोषले जात नाही. ही गोष्ट केंद्राच्या औषधपत्रावर ठळक अक्षरांत छापलेली असते आणि खिडकीतली मुलगी ती पुन्हा तोंडानेही सांगते. घरी याचा अर्थ असा झाला की सकाळचा गजर तासभर अलीकडे आला आणि गोट्याला गोळी व वाटी यांच्यामधला तो तास अत्यंत अन्यायकारक वाटू लागला.

पुढे चौदा महिन्यांनी तक्त्यावर 34 आला. दोन तासांनी 41. मध्यरात्र उलटून गेली होती आणि केंद्राच्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित निरोप वाजत होता. रात्रीची सेवा नसणे हा या केंद्राचा सर्वांत मोठा उणेपणा आहे, कारण हृदय निकामी व्हायला कार्यालयीन वेळ कळत नाही. आम्ही चोवीस तास चालणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात धावलो. तेथे गोट्याला प्राणवायूच्या पेटीत ठेवून फ्युरोसेमाइड या शरीरातले जादा पाणी काढणाऱ्या औषधाची सुई दिली, आणि पहाटेपर्यंत श्वास तिसाच्या खाली आला. केंद्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवावी लागेल. त्यांनी प्रत्येक भेटीनंतर दिलेल्या पानावर रोगाची पायरी, औषधांची मात्रा आणि शेवटची सर्व मापे एकत्र असतात; ते पान रात्रीच्या डॉक्टरांच्या हातात दिल्यामुळे पुन्हा सगळा इतिहास सांगत बसावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी केंद्राने औषधांची मांडणी बदलली आणि आठवडाभराने मूत्रपिंडाचे कार्य व पोटॅशियम पाहण्यासाठी रक्त तपासायला लावले, कारण पाणी काढणारे औषध फुफ्फुस मोकळे करते तसे मूत्रपिंडावर ताणही आणते. गोट्या आता सी पायरीवर, म्हणजे हृदय निकामी झाल्याची लक्षणे दिसलेल्या पायरीवर, आहे, चार औषधांवर आहे, खूप पाणी पितो आणि रात्री एकदा बाहेर नेण्यासाठी मला उठवतो.

मनीचा अनुभव अगदी निराळा. मांजरांसाठी बसायची जागा वेगळी आहे, पिंजरा जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवायचा असतो आणि त्यावर टाकायला टॉवेल देतात. ज्यांना हे लाड वाटतील त्यांनी घाबरलेल्या मांजराच्या हृदयाचा वेग एकदा पाहावा. मांजरांत मर्मर फसवी असते: निरोगी मांजरातही ती भीतीने ऐकू येते आणि रोगी मांजरात मुळीच ऐकू न येणे शक्य असते. मनीला मर्मर नव्हती, पण ठोक्यांबरोबर एक जादा तिसरा आवाज येत होता. इकोत डाव्या खालच्या कप्प्याची भिंत हृदय सैल असताना 6.4 मिलिमीटर जाड निघाली. सहा किंवा त्याहून जास्त असेल तर शंका घेतात. यावर लगेच शिक्का न मारता डॉक्टरांनी आधी रक्तदाब मोजला आणि थायरॉइडची तपासणी केली, कारण उच्च रक्तदाबाने आणि थायरॉइडच्या अतिरेकानेही भिंत जाड होते आणि त्या दोन्हींवर औषध आहे. दोन्ही ठीक निघाल्यावरच हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा रोग, हे नाव अहवालात आले. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत या रोगाशी जोडलेले जनुकीय बदल सापडले आहेत आणि त्यांची चाचणी होते; मनीसारख्या गल्लीतून आलेल्या मांजराला त्या चाचणीचा उपयोग नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले आणि आमचा एक खर्च वाचवला.

मनीचा वरचा कप्पा अजून फुगलेला नाही, म्हणून तिलाही सध्या औषध नाही. तो फुगला की त्यात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. ती गुठळी महारोहिणीच्या शेवटच्या फाट्यावर अडकली तर मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडतात, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर होतात, आणि मांजर वेदनेने किंचाळते. डॉक्टरांनी हे सांगताना आवाज मऊ केला नाही, आणि ते योग्यच होते. कप्पा वाढल्यास क्लोपिडोग्रेल सुरू करू, असे ठरले आहे. एकदा गुठळी होऊन वाचलेल्या मांजरांत हे औषध पुन्हा गुठळी होण्यापासून अॅस्पिरिनपेक्षा चांगले रक्षण करते, असे 2015 मधल्या अभ्यासात दिसले होते. मांजर हृदयविकाराने सहसा खोकत नाही. ते लपते, कमी खाते, आणि तोंड उघडून श्वास घेताना दिसले तर वाट पाहायची नसते.

एक गोष्ट या केंद्रात मला मुळीच रुचत नाही. औषधांच्या खिडकीशेजारी ‘हृदयबल’ वाढवणाऱ्या पूरक पदार्थांच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या असतात. आतल्या खोलीत पुराव्याशिवाय गोळी न देणारे डॉक्टर आणि बाहेर ही मांडणी, यांचा मेळ बसत नाही. विशेष म्हणजे नोंदणीच्या अर्जावर पहिला प्रश्न प्राणी काय खातो हा असतो, आणि त्याचे कारण भक्कम आहे: खाद्यात टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडल्यामुळे मांजरांचे हृदय पातळ आणि ढिले होते हे 1987 मध्ये उघड झाले, खाद्ये सुधारली गेली, आणि मांजरांतला तो रोग जवळपास नाहीसा झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2018 मध्ये, धान्य नसलेल्या आणि डाळी-वाटाण्यांवर भर असलेल्या काही श्वानखाद्यांचा अशा हृदयरोगाशी संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली होती. आहाराकडे इतक्या गांभीर्याने पाहणाऱ्या जागेने बाटल्यांचे दुकान मांडू नये.

तुफानची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण घोडा केंद्रात येत नाही, केंद्र घोड्याकडे जाते. मुलगी शिकते त्या पागेतल्या मोतद्दाराला तुफानच्या छातीवर हात ठेवल्यावर मधूनच एक ठोका गायब असल्याचे जाणवले. चौदा वर्षांचा घोडा, त्यावर मुले बसतात, आणि ठोका चुकतो म्हटल्यावर पागेच्या मालकांनी सगळ्यांचीच स्वारी थांबवली. केंद्राचे फिरते पथक दोन दिवसांत आले. डॉक्टर आधी दहा मिनिटे काहीही न करता तुफानच्या डाव्या कोपराआड स्टेथोस्कोप लावून उभ्या राहिल्या. विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला केवळ 28 ते 40 ठोके देते, त्यामुळे दोन मिनिटे ऐकले तर हाती फारसे लागत नाही. तीन नियमित ठोके, मग एक पोकळी, मग पुन्हा नियमित ठोके, असा तो ताल होता. त्यांनी माझ्या मुलीच्या कानाला स्टेथोस्कोप लावून तो तिलाही ऐकवला. मग मोतद्दाराला तुफानला दोन फेऱ्या दुडक्या चालीने धावडवायला सांगितले आणि लगेच पुन्हा ऐकले. पोकळी नाहीशी झाली होती.

ईसीजीवर कारण दिसले. वरच्या कप्प्याची लहर उमटत होती पण खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नव्हती. मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस या चेतातंतूचा हृदयावरचा लगाम घोड्यात फार बळकट असतो, आणि रक्तदाब किंचित वाढला की निवांत उभ्या असलेल्या घोड्याचे हृदय एखादा ठोका सरळ सोडून देते. कष्ट सुरू झाले की लगाम सैल होतो आणि ठोके नियमित होतात. असा ठोका चुकणे घोड्यात रोग मानत नाहीत. भरधाव धावताना हाच मिनिटाला चाळिशीच्या आत असलेला वेग दोनशेच्या वर जातो. घोड्याच्या रक्ताच्या दाबाचे कुतूहल जुने आहे: स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या मांडीतल्या रोहिणीला उंच काचेची नळी जोडून रक्त 8 फूट 3 इंच चढलेले पाहिले आणि ते 1733 मध्ये छापले. तुफानला मात्र पोटपट्ट्याखाली ओल्या स्पंजांवर चिकटवलेल्या चार पट्ट्यांवर निभावले.

पथक तेवढ्यावर थांबले नाही, आणि या ठिकाणी मी त्यांना पूर्ण गुण देते. ऐकताना ठोका संपल्यानंतरच्या शांततेत त्यांना डावीकडे एक बारीक, लांबणारा आवाज लागला होता. वय झालेल्या घोड्यांत महारोहिणीची झडप थोडी गळू लागते त्याचा तो असतो. इकोसाठी तुफानचा उजवा पुढचा पाय एक पाऊल पुढे घ्यायला लावून प्रोब दंडाच्या स्नायूखाली सरकवला. घोड्याचे हृदय शरीराच्या वजनाच्या जवळपास एक टक्का, म्हणजे चार-पाच किलोंचे असते, आणि त्याची पलीकडची भिंत दिसण्यासाठी लहरींना तीस सेंटिमीटरपर्यंत जावे लागते. गोट्याच्या प्रोबने ते जमले नसते. गळती अल्प निघाली, कप्पा मोठा नव्हता. त्यानंतर धावतानाचा ईसीजीही घेतला, कारण ज्या घोड्यावर मूल बसते त्याचे हृदय उभे असताना नीट चालते एवढे पुरत नाही; धावताना खालच्या कप्प्यातून अवेळी ठोके येत असतील तर स्वार धोक्यात असतो. तसे काही आढळले नाही. स्वारी सुरू ठेवावी, दरवर्षी इको आणि धावतानाचा ईसीजी करावा, असा लेखी अभिप्राय मिळाला आणि तो पागेच्या भिंतीवर लावला आहे.

त्याच फेरीत एका घोडीचेही हृदय ऐकले, जी काही आठवड्यांपासून शर्यतीच्या सरावात लवकर थकत होती. तिचा ताल ऐकून डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यात कसलाच ठेका नव्हता, आणि धावडवल्यावरही तो सुधारला नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरणे, हा कामाच्या घोड्यांत थकवा आणणारा सर्वांत नेहमीचा तालबिघाड आहे. घोड्याचे वरचे कप्पे आकाराने मोठे असल्यामुळे झडपा निरोगी असतानाही तो होतो. क्विनिडीन नाकातल्या नळीतून पोटात सोडून किंवा भूल देऊन हृदयात नळी घालून विजेचा धक्का देऊन तो पूर्ववत करता येतो. फिरत्या पथकाने हे आपले काम नाही असे सांगून घोडीला मोठ्या रुग्णालयात पाठवले. आपली मर्यादा इतक्या सहज सांगणारे लोक मला विश्वासार्ह वाटतात.

पागेत त्या दिवशी कोणीतरी सेक्रेटेरियटचा विषय काढलाच. 1989 मध्ये मेलेल्या या शर्यतीच्या घोड्याचे हृदय 22 पौंडांचे होते असे सांगतात. ते प्रत्यक्ष तोलले गेले नव्हते, तो अंदाज होता. तरी घोड्याचे मोठे हृदय कौतुकाचे असते आणि माझ्या सात किलोंच्या गोट्याचे मोठे हृदय औषधाचे, हा फरक मुलीला समजावताना डॉक्टरांनी चांगली वाक्ये वापरली: सरावाने वाढलेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे पाठवते, गळतीने वाढलेले हृदय मागे आलेले रक्त साठवण्यासाठी ताणले जाते.

ज्यांना अशा केंद्रात जायचे आहे त्यांनी आधीचे एक्स-रे, औषधांची नावे व मात्रा आणि प्राण्याला धाप लागते किंवा तो कोसळतो त्या क्षणाचे मोबाइलवरचे चित्रण जरूर न्यावे. गोट्या एकदा जिन्यात पडला होता ते आठ सेकंदांचे चित्रण डॉक्टरांनी तीनदा पाहिले आणि मिरगीची शंका तेथेच फेटाळली. रात्रीसाठी दुसऱ्या रुग्णालयाचा क्रमांक आधीच शोधून ठेवावा. गोट्याची पुढची वेळ पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी काट्यावरचा आकडा मी स्वतः टिपून घेणार आहे, आणि अहवाल आला की हृदयाच्या मापांआधी वजनाचा रकाना वाचणार आहे.